बटणांच्या दुकानाची बेरीज

केंद्रात तिला सगळे चाळणीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर 'मॅडम'. पण हे नाव तिच्या कानावर आलेलं होतं आणि त्यात रागावण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं. दिवसभर माणसं चाळायची आणि चाळणी म्हटलं की नाक मुरडायचं, असला स्वभाव तिचा नव्हता.

केंद्र म्हणजे औषधांच्या एका दुकानावरचा मजला. जिन्यात कायम खोकल्याच्या औषधाचा वास. वर ओळीने तीन वर्ग आणि जिन्याच्या तोंडाशी काचेची एक छोटी खोली, तिची. तिथे स्प्रेडशीट शिकवायचे, दुसरं काही नाही. कंपन्या आपली माणसं पाठवायच्या, काही जण आपणहून यायचे. पहिला वर्ग नवख्यांचा, दुसरा जेमतेम येणाऱ्यांचा, तिसरा सराईतांचा. आलेल्या माणसाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ती ठरवायची. केंद्राचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते तिने लिहिलेल्या चिठ्ठीवर न वाचता सही करत.

आता कुणाला वाटेल, यात काय मोठंसं, माणसाला विचारावं, तुम्हाला किती येतं. विचारून बघा. छाती पुढे काढून "सगळं येतं" म्हणणाऱ्याला चौकटी पिवळ्या आणि हिरव्या रंगवण्यापलीकडे काही येत नसतं; रंग मात्र झकास भरतो. आणि दाराशी अंग चोरून उभी राहिलेली, "मला नाही हो यातलं काही कळत" म्हणणारी एखादी स्वागतिका कुणाचं लक्ष नाहीसं बघून असा काही फॉर्म्युला लिहिते की शिकवणाऱ्याने वही काढावी. सगळ्यात वस्ताद म्हणजे जुने कारकून. ते खिशातून कॅल्क्युलेटर काढतात, समोरच्या संगणकावरचे आकडे त्यावर एकेक करून मिळवतात, आलेलं उत्तर संगणकात टाइप करतात आणि मोठं काम उरकल्यासारखे मागे टेकून बसतात. संगणक बिचारा नुसता बघत असतो.

म्हणून ती काही विचारायची नाही. समोर बसवायची आणि बटणांचं दुकान उघडून द्यायची.

हे दुकान खोटं होतं. एका तक्त्यात बटणांचे प्रकार आणि त्यापुढे प्रत्येकाची संख्या. पांढरी लहान, पांढरी मोठी, शिंपल्याची, लाकडी, काळी मोठी वगैरे. काम एवढंच, की एकूण बटणं किती ते शेवटच्या चौकटीत आलं पाहिजे. गोम होती ती काळ्या मोठ्या बटणांत. त्यांच्या आकड्याआधी एक एकेरी अवतरणचिन्ह मुद्दाम टाकलेलं होतं, चौकटीत न दिसणारं. असं चिन्ह असलं की संगणकाला तो आकडा वाटत नाही, शब्द वाटतो. तो चौकटीच्या डाव्या कडेला जाऊन चिकटतो आणि बेरजेत धरलाच जात नाही. तिसऱ्या वर्गाचा माणूस ते डावीकडे सरकलेलं बिऱ्हाड बरोबर हेरतो. दुसऱ्या वर्गाचा झटकन फॉर्म्युला लिहितो आणि चुकीच्या उत्तरावर खुशाल विश्वास ठेवतो. आणि गंमत अशी, की कॅल्क्युलेटरवाल्याचं उत्तर बरोबर येतं. त्याने काळी बटणं डोळ्यांनी बघून मिळवलेली असतात ना. त्यामुळे नुसतं उत्तर बघणारा परीक्षक हमखास फसतो. ती उत्तराकडे बघायचीच नाही, हाताकडे बघायची. शंका आली तर स्वतः पुढे होऊन वरचा एक आकडा बदलायची. फॉर्म्युला असेल तर खालची बेरीज आपोआप बदलते. नुसता आकडा टाइप केलेला असेल तर ती जागची हलत नाही.

हे दुकान तिच्या नवऱ्याने थाटलेलं होतं. पाइपांच्या एका कारखान्यात तो गोदामाचा साठा सांभाळायचा, आणि स्प्रेडशीट म्हणजे त्याच्या हातचा मळ. केंद्र नवीन होतं, ती नवीन होती, तेव्हा एका रविवारी टेबलावर पाय टाकून त्याने तिला ते करून दिलं. काळ्या बटणांची खोडी करून ठेवल्यावर तो स्वतःवरच इतका खूश झाला होता की दिवसभर घरात शीळ घालत हिंडत होता. तिने तेव्हा त्याला झापलं होतं, पाय खाली घ्या म्हणून. ती त्याला पुष्कळ झापायची. ओला टॉवेल, उघडं कपाट, शीळ, विषयांना तोटा नव्हता.

मग तो पडला. कुठे तर घरात, स्टुलावर चढून पडद्याची दांडी बसवताना. स्टूल कलंडलं आणि डोकं खिडकीच्या कठड्यावर आपटलं. इस्पितळात तो बरेच दिवस नुसता पडून होता. मग डोळे उघडले, मग बोलायला लागला, मग काठी घेऊन आणि नंतर काठीशिवाय चालायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू सगळं येईल. काही गोष्टी मागून येतील, काही कदाचित येणार नाहीत. कुठल्या, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

त्या सगळ्या दिवसांत ती एकदाही रडली नाही. अर्ज भरले, औषधांच्या वेळा सांभाळल्या, सासूबाईंना धीर दिला, भेटायला येणाऱ्यांना चहा दिला. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हती, बधिर झाली होती. एकदा तापलेल्या तव्याला बोट लागलं तर ती ते बोट दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बघत राहिली. नवरा घरी आला तेव्हा सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला, शेजारणीने डोळे पुसले, आणि ही पिशवीतली भांडी जागच्या जागी लावत होती. आपल्याला आनंद व्हायला पाहिजे हे तिला कळत होतं. पण कळण्याच्या पुढे काही सरकत नव्हतं. आणि त्या दिवसापासून ती त्याच्यावर एकदाही रागावली नाही. टॉवेल पलंगावर पडलेला असायचा, ती मुकाट्याने उचलायची.

कुणी विचारलं की सांगायची, "बरे आहेत आता. अगदी पहिल्यासारखे."

तो संध्याकाळचा चहा करायचा. घरात माणसं तीन. तो आधी कप आणून प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक ठेवायचा, मग तेच कप गोळा करून स्वयंपाकघरात न्यायचा आणि तेवढ्यांत चहा ओतायचा. हे तिने पाहिलं होतं. अनोळखी माणसाचा हात मिनिटभर बघून त्याचं पाणी जोखणारी ही बाई, पण त्या कपांवरून तिची नजर पाण्यासारखी वाहून गेली.

कारखान्याने त्याची जागा राखून ठेवली होती. माणसं भली होती. पण दरम्यान तिथे नवी पद्धत आली होती आणि व्यवस्थापकांनी सरसकट नियम काढला होता: साठ्याच्या टेबलावर बसायचं तर केंद्राची तिसऱ्या वर्गाची चिठ्ठी पाहिजे. ज्याला ती मिळणार नाही त्याने फाटकावर बसायचं, आल्यागेल्या गाड्यांची नोंद बघायची. व्यवस्थापक फोनवर हसत म्हणाले, "तुम्हाला काय अडचण? केंद्र तर तुमच्या घरचंच."

सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. रात्रीची भांडी आवरताना त्या तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तूच लिहितेस ना गं ती चिठ्ठी?"

"हो."

"मग झालं तर."

"आई, बघावं लागतं. सगळ्यांचं बघते तसं."

"बघ की. मी कुठे नको म्हणते? पण फाटकावर बसला ना तो, तर खचेल. त्या टेबलावर जन्म गेलाय त्याचा. आता कुठे माणसात आलाय." मग त्या म्हणाल्या, "तू तर काही बोलतच नाहीस. तुझ्या मनात काय चाललंय ते देवाला ठाऊक."

तिच्या मनात काही चाललेलं नव्हतं. तिने ओटा पुसला.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं, माझ्या घरचं माणूस आहे, तुम्ही बघा. सरांनी हात जोडले. "मॅडम, मी बघितलं तर मी उत्तर बघीन. हात बघणं मला जमत नाही. तुम्ही जे लिहाल त्याच्यावर माझी सही."

म्हणजे चेंडू परत तिच्याच अंगणात.

नवरा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. बाहेर बाकावर त्याच्या शेजारी एक गृहस्थ कॅल्क्युलेटर मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना तिने आधी आत घेतलं, बटणं मोजू दिली, पहिल्या वर्गात धाडलं. ते जरा फुरंगटले. "उत्तर तर बरोबर आहे माझं," ते म्हणाले. तिने नेहमीप्रमाणे एक आकडा बदलून दाखवला, बेरीज ढिम्म राहिली, आणि ते कॅल्क्युलेटर खिशात घालून निमूट गेले.

मग तो आत येऊन बसला. काचेपलीकडून जाणारी येणारी माणसं दिसत होती. तिने दुकान उघडून संगणक त्याच्याकडे वळवला.

"हे बटणांचं दुकान आहे. एकूण बटणं किती ते शेवटच्या चौकटीत आलं पाहिजे," तिने रोजच्या आवाजात सांगितलं.

तो हसला. "अगं, दुकान माझंच आहे."

"माहीत आहे. तरी."

त्याचा हात माउसवर गेला. थेट शेवटच्या चौकटीत जाऊन त्याने एक आकडा टाइप केला आणि एंटर दाबलं. तिने कागदावर वेळ लिहायला पेनाचं टोपणही काढलं नव्हतं. इतक्या लवकर कुणीच कधी केलं नव्हतं.

उत्तर बरोबर होतं. काळी बटणं धरून बरोबर.

तिला हायसं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली, पण नाही वाटलं. तिच्या डोळ्यांसमोर त्याचा हात होता. तो हात वरच्या आकड्यांकडे फिरकला नव्हता. आकड्यांकडे डोळेसुद्धा गेले नव्हते. लहानपणीच्या घराचा फोन नंबर माणसाला कायम आठवतो, तशी त्याला आपल्या दुकानाची बेरीज आठवत होती.

हे तिच्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. कागदावर उत्तर बरोबर, वेळ सगळ्यांत कमी. तिसरा लिहायचं, सर सही करणार, सासूबाई सुखाने झोपणार. तिने टोपण काढलं. लिहायला सुरुवात करायची तेवढ्यात तिला एक मुलगी आठवली. मागे एका कंपनीच्या साहेबांनी गळ घातली म्हणून तिने तिला एक वर्ग वर बसवलं होतं. दयेपोटीच. ती मुलगी पूर्ण अभ्यासक्रमभर मागच्या खुर्चीवर बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. एकही प्रश्न नाही. शेवटच्या दिवशी तिची वही कोरी होती आणि कंपनीत तिला सगळ्यांसमोर तक्ता करायला लावला तेव्हा ती नोकरी सोडून गेली. त्यानंतर तिने कुणालाच वर बसवलं नव्हतं.

तिने हात पुढे केला आणि लहान पांढऱ्या बटणांचा आकडा बदलला.

दोघंही खाली बघत राहिले. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, खोकत होतं. बेरीज होती तिथेच होती.

"आता हे बदलायला पाहिजे ना?" त्याने विचारलं.

"हो."

"नाही बदललं."

"नाही."

"मग मी काय केलं असेल?" त्याने खरोखरच विचारलं, एखाद्या तिसऱ्याच माणसाबद्दल विचारावं तसं.

"तुम्ही आठवणीतला आकडा लिहिलात. बेरीज केली नाहीत." मग ती म्हणाली, "करून बघता?"

त्याने करून बघितलं. हात कळफलकावर फिरला, एका कळेवर थांबला, तिथून उठला, दुसरीवर गेला. त्याच्या कपाळावर घाम आला. या हाताने एकेकाळी पाइपांचा डोंगर चुटकीसरशी कागदावर आणला होता. शेवटी त्याने तो मांडीवर ठेवून दिला.

"आकडे दिसतात गं," तो म्हणाला. "पण त्यांचं पुढे काय करायचं ते येत नाही."

"कधीपासून?"

"घरी आल्यापासून."

तिने कागदाकडे बघितलं. "पहिला वर्ग," ती म्हणाली. आवाज रोजचाच होता.

"बरं झालं."

"बरं काय झालं त्यात?"

त्याने खुर्ची थोडी तिच्याकडे वळवली. "घरी तुम्ही सगळ्यांनी मला तिसऱ्या वर्गात बसवलंय. आई पेपर वाचून दाखवते, भाव किती वाढले म्हणते, मी मान हलवतो. तू विजेचं बिल पुढे धरतेस, एवढं कसं आलं म्हणतेस, मी मान हलवतो. शेजारी येऊन विचारतात, आता सगळं पहिल्यासारखं ना, तर तू हो म्हणतेस आणि मी मान हलवतो. मान अवघडली माझी."

"मला सांगायचं नाही?"

"चाळणी तू आहेस," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "मला वाटलं, तुला दिसत असेल. तू बोलत नाहीस म्हणजे तसंच चालवायचं असेल."

तिला कप आठवले, तिघांच्या पुढ्यात मांडून परत गोळा केलेले. दिसलं होतं. रोज दिसत होतं. तिने ते बघितलं नव्हतं, कारण बघितलं असतं तर तिला काहीतरी वाटलं असतं, आणि तेवढी तिची ताकद नव्हती. हे तिने त्याला सांगितलं नाही. तिने चिठ्ठीवर 'पहिला' लिहिलं, सरांकडून सही आणली आणि वर्ग कुठे आहे ते त्याला माहीत असूनही दारापर्यंत त्याच्यासोबत गेली. कॅल्क्युलेटरवाल्या गृहस्थांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यांनी सरकून जागा दिली.

घरी व्हायचं ते झालं. सासूबाईंनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा लावून वाचली आणि टेबलावर ठेवली. "परक्या माणसानेसुद्धा एवढं केलं असतं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. काही हवं असलं की मुलाला सांगायच्या, "तिला म्हणावं, दूध संपलंय." तो सांगायचा, ती ऐकायची. कारखान्याने त्याला फाटकावर बसवलं. पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा बराच वेळ बूट न काढता बसून होता. तिने पाणी दिलं. काय बोलावं हे तिला सुचलं नाही, आणि न सुचल्याचं वाईटही वाटलं नाही. आपण बरोबर केलं की चूक, याचाही तिला पत्ता लागत नव्हता. सकाळी उठायचं, जिना चढायचा, माणसं चाळायची.

कामावरून सुटल्यावर तो वर्गाला यायचा. पुढच्या ओळीत बसायचा आणि, शिकवणारा सांगायचा, प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायचा. एक मात्र घडलं. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन सरळ विचारायला लागला, "अगं, किती कप घेऊ?" ती सांगायची, तीन. तो बोटांवर मोजून घ्यायचा.

एकदा वर्गातून घरी करायला दिलेलं काम घेऊन तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसला. बटणांचंच दुकान, पण काळ्या बटणांची खोडी काढून टाकलेलं. ती पलीकडे भाजी चिरत होती. सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या.

"सुरुवात कशी करायची?" त्याने विचारलं.

"आधी बरोबरचं चिन्ह."

तो टाइप करायला लागला. जरा वेळाने, "अगं, नाही होत."

"बरोबरचं चिन्ह दिलंत?"

"राहिलं."

असं पुन्हा झालं. आणि पुन्हा. मधे त्याने शीळ घातली, सवयीने, आणि पाय उचलून समोरच्या खुर्चीवर टाकले. "अगं, हे परत तसंच येतंय."

"अहो, किती वेळा सांगायचं?" ती कडाडली. "बरोबरचं चिन्ह. आधी बरोबरचं चिन्ह, मग बाकीचं. आणि पाय खाली घ्या ते आधी."

बाहेर सासूबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिचं तिलाच नवल वाटलं. हा आवाज तिने स्टूल कलंडल्यापासून ऐकला नव्हता. आपण आजारी माणसावर ओरडलो, हे तिच्या ध्यानात आलं.

त्याने पाय खाली घेतले. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला रागबिग काही आलेला दिसत नव्हता.

"आत्ता कसं," तो म्हणाला. "परत एकदा सांग."

"काय?"

"तेच. तसंच सांग."

"बरोबरचं चिन्ह," ती म्हणाली, पण यावेळी हळू.

त्याने एक बोट उचललं, कळ शोधली आणि दाबली. मग बाकीचं एकेक करून, ओठ हलवत. एंटर. खाली बेरीज आली. तो तिच्याकडे वळला नाही. वर जाऊन त्याने लहान पांढऱ्या बटणांचा आकडा बदलला. खालची बेरीज बदलली. त्याने परत बदलला. परत बदलली.

"हललं," तो म्हणाला. "अगं, बघ ना. हललं."

तिला बघता येत नव्हतं. ती रडत होती, इस्पितळात रडली नव्हती ते सगळं, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी, आणि हात भाजीने भरलेले असल्यामुळे डोळेही पुसता येत नव्हते. दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, संगणकाकडे पाहिलं. मग आत येऊन त्यांनी सुनेच्या हातातली सुरी काढून घेतली.

"सरक तू," त्या तिला म्हणाल्या. "मी चिरते."